पाणी प्यायला एक, वळसा घालायला दुसरा

सुलभा, तुझा तो फोन मी अजून बंद केलेला नाही.

तू सांगितलं होतंस, अगदी स्पष्ट, नाकाला ऑक्सिजनची नळी असताना. "कांचन, तो नंबर बंद करून टाक. लोक खेळतील आपलं आपण." मी "बघू" म्हटलं. माझं "बघू" म्हणजे "नाही" हे तुला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं, म्हणून तू डोळे मिटून नुसती हसलीस. तेराव्याला पंगत उठल्यावर तुझ्या नवऱ्याने, संजयभाऊजींनी, तो फोन चार्जरसकट माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "कांचनताई, हा वाजतच राहतो हो. परवा एक बाई विचारत होत्या, बिबट्या आला तर ओझं टाकून पळायचं का. मी काय सांगणार? मी म्हटलं, पळा." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मीही तिथेच, उष्ट्या पत्रावळींच्या शेजारी उभी राहून रडले. तेव्हापासून फोन माझ्या पर्समध्ये आहे. कंपनीच्या बसमध्ये बसले की तो मांडीवर घेते आणि तू बंद कर म्हणाली होतीस तेच चालू ठेवते.

बस तीच आहे. तू डांगे चौकात चढायचीस आणि निगडीला मी येईपर्यंत शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून जागा धरायचीस. कोणी "मॅडम, पिशवी उचला" म्हटलं तर "पिशवीत माणूस आहे" म्हणायचीस. खोटं नव्हतं ते. डब्याच्या वर एक घडी घातलेला नकाशा, पत्त्यांची गड्डी, दोन फासे आणि सुपारीएवढा लाकडी माणूस असायचाच. आता त्या सीटवर कंपनीच्या स्टोअरमधला एक जण बसतो आणि तळवड्यापर्यंत घोरतो. त्याचा काही दोष नाही, पण मला तो आवडत नाही.

कंपनीत तुझं काम सूचना लिहिण्याचं. मशीनशेजारी लॅमिनेट करून टांगलेले ते कागद, आधी हे बटण, मग तो दांडा, हात इथे घालू नये, सगळे तुझ्या हातचे. मी फायनल इन्स्पेक्शनला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. तो स्वभाव मी गेटवर ठेवून घरी जात नाही, असं तू म्हणायचीस. पण तुझ्या कागदात चूक काढायला मला कधी जमलं नाही, सुलभा. तू वाक्य असं लिहायचीस की वाचणाऱ्याचा हात आपोआप बरोबर जागी जायचा. हुशार होतीस तू. आमच्या बीडकडे म्हणतात तशी, सुईच्या नाकातून हत्ती ओवणारी. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं, कारण तोंडावर आपण दोघी फक्त भांडायचो.

आणि अशात तू खेळ तयार करायला लागलीस. तेही एकट्याने खेळायचे. पहिल्यांदा दाखवलास तेव्हा मी म्हटलं, "अगं, समोर कोणी नाही तर हरवायचं कोणाला?" तू पत्ते पिसत म्हणालीस, "कांचन, गुरुवारी काय करतेस तू?"

गुरुवारी मी काय करायचे? आपल्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. पोरांच्या शाळेला नाही, बँकेला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, त्याचे शनिवार-रविवार. म्हणजे आम्ही नवरा-बायको एका घरात राहून सुट्टीला कधी भेटायचो नाही. गुरुवारी मी कपडे धुवायचे, पंखे पुसायचे, आणि पंखे पुसून झाले की पुन्हा कपडे शोधायचे. हे तुला दिसलं होतं. माझ्यात दिसलं तसं थेरगावच्या तुमच्या अख्ख्या इमारतीत दिसलं होतं. सांगलीचे, लातूरचे, चिपळूणचे लोक, ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची शिफ्ट, आणि हौसेने कॅरम आणला तर समोर बसायला माणूस नाही. "समोरच्याची वाट बघत बसलं तर जन्म जाईल," तू म्हणालीस, "म्हणून मी समोर घाट ठेवलाय."

तो खेळ म्हणजे 'मिठाची वाट'. एक माणूस कोकणातून मिठाचं ओझं घेऊन निघतो आणि घाट चढून देशावर येतो. बस, एवढंच. फासा टाकायचा, तेवढी पावलं चालायची, जिथे थांबू तिथला पत्ता उलटायचा. कुठे झरा लागतो, कुठे बिबट्या येतो, कुठे पाय मुरगळतो, कुठल्या वाडीत कोणी पाणी देतं. माझा पहिला माणूस पहिल्याच चढणीला पडला. मी रागाने तुला फोन केला की तुझा खेळ खोटा आहे. तू विचारलंस, "कुठे पडला?" म्हटलं, "त्या वडापाशी." म्हणालीस, "मग ओझं तिथेच ठेव. नवा माणूस घे, खालून निघ. वडापाशी पोचलीस की उचल आणि पुढे जा." त्या गुरुवारी माझे कपडे बादलीत भिजत राहिले. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी वडापासून तिसऱ्या वळणावर होते आणि त्याला म्हटलं, चहा तुझा तूच कर.

मग तू खेळ छापून लोकांना देऊ लागलीस, आणि नियमांच्या पत्रकाच्या शेवटी चक्क आपला नंबर छापलास आणि वर एक ओळ: अडलात तर विचारा. मी म्हटलं, लोक जीव खातील. खाल्लाच. जेवणाच्या सुट्टीत तुझ्या एका हातात घास आणि एका हातात फोन. पण तुझी उत्तरं ऐकायला कँटीनमध्ये आपल्या टेबलावर जागा मिळेनाशी झाली. कोणी काहीही विचारलं तरी तू आधी म्हणायचीस, "बरं, आत्ता तुमचा माणूस कुठे आहे?" आणि पलीकडचा भांडायच्या तयारीत असलेला माणूस एकदम सांगायला लागायचा की मी अमुक खिंडीत आहे, पाणी थोडंच उरलंय, पुढे धुकं आहे. "बघ," तू फोनवर हात ठेवून मला म्हणायचीस, "मी आहे म्हणतो. सोंगटी आहे म्हणत नाही." तेवढ्यावर तुझा दिवस छान जायचा.

साताऱ्याचे ते निवृत्त मास्तर आठवतात? घाबऱ्या आवाजात विचारत होते, "ताई, माझं पाणी संपलं. मी मेलो का?" तू म्हणालीस, "मास्तर, पाणी संपलं म्हणजे दमलात. मेलात नाही. बसा घटकाभर." फासा खाटेखाली गेला तर पुन्हा टाकायचा का, असं एका आजोबांनी विचारलं, तर म्हणालीस, "वाकून बघा काय पडलंय, तेच धरा. घाटात घरंगळलेला दगड कोणी परत वर नेऊन सोडत नाही." आणि ती नाशिकची मुलगी, जिने हळूच विचारलं होतं की थोडी लबाडी केली तर चालेल का. "चालेल की," तू म्हणालीस, "फक्त मोठ्याने म्हणायचं, मी आत्ता लबाडी केली. मग खुशाल पुढे जा." दोन दिवसांनी तिचा मेसेज आला की म्हणायची लाज वाटली म्हणून केलीच नाही. तू कोणाला कधी झिडकारलं नाहीस. मी असते तर पत्रक नीट वाचा म्हणून फोन आपटला असता.

पण सगळ्यांत भारी आपले गायकवाड. चाकणच्या पुढच्या गावचे, कुठल्याशा कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर. एकदा बसमध्ये त्यांचा फोन आला आणि तू स्पीकरवर टाकलास. "मॅडम, जरा इचारायचं व्हतं. झऱ्यापाशी थांबलं तरच पाणी भरायचं, का नुस्तं शेजारनं गेलं तरी भरायचं? कागदावर दोन्ही वाटतंय." तू नेहमीचं विचारलंस, तुमचा माणूस आत्ता कुठे आहे. "झऱ्यापाशीच हाय की. गणपतीपासनं."

आणि दिवाळी तोंडावर आली होती.

"शंका आली म्हून बोर्ड होल्डला टाकलाय," गायकवाड समजावून सांगत होते. "वर परात पालथी घातलीय, कंपनीत शंकेच्या मालाला बांधत्यात तसा लाल टॅग बांधलाय. मंडळीला सांगून ठेवलंय, मॅडमचं अप्रूव्हल आल्याबिगर हात लावायचा न्हाई. तुमचं ऑडिट चालू आसंल म्हून फोन नव्हता केला." अख्खी बस हसून लोळली. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. तूही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस, आणि मग खिडकीकडे तोंड फिरवलंस. मी विचारलं काय झालं. म्हणालीस, "कांचन, हे मीच शिकवलंय त्यांना. 'शंका आल्यास मशीन थांबवा व सुपरवायझरला कळवा.' प्रत्येक कागदाखाली हेच लिहिते ना मी. मी नाही तर माझ्यासारखी दुसऱ्या कंपनीतली कोणीतरी. तिथे ते बरोबरच आहे, बोटं वाचतात. पण घरात एकटा बसलेला माणूस थांबून कोणाला कळवणार गं?"

नवं पत्रक काढून तू सगळ्यांना पाठवलंस आणि त्यात सगळ्यांत वर एक नियम घातलास. मला तो पाठ आहे. शंका आल्यास थांबू नका. नियमाचे दोन अर्थ निघत असतील तर आपल्याला जो जड जाईल तो धरा आणि चालू लागा. मागाहून विचारा. मी अर्थातच चूक काढली, म्हटलं, जड का? सोपा धरला तर काय बिघडतं? तर म्हणालीस, "सोपा धरला की मनात राहतं, आपण सूट घेतली. जड धरला की माणूस वर पोचल्यावर कोणाच्या बापाला भीत नाही."

आपलं मोठं भांडण मात्र वेगळंच. ते वचनाच्या पत्त्यावरून. पायथ्याच्या वाडीत एक म्हातारी पाणी देते आणि म्हणते, वरच्या वाडीत माझी लेक दिलीय, तिला माझी खुशाली सांग. पाणी प्यायलं की तो वचनाचा पत्ता तुमच्याजवळ राहतो आणि वर जाताना लेकीच्या वाडीचा वळसा घालावा लागतो. वळसा लांबचा, दम काढणारा. आता समजा, पाणी प्यायलेला माणूस मध्येच पडला. नवा माणूस आला, त्याने ओझं उचललं. जुन्याचं वचन नव्याला लागू की नाही?

मी म्हणायचे लागू. ओझं उचललं की त्याच्याबरोबरचं सगळं उचललं. तू म्हणायचीस नाही. "पाणी प्यायला एक आणि वळसा घालायचा दुसऱ्याने? का म्हणून?" मी म्हटलं, "जगात असंच असतं. माझ्या सासूबाई गेल्या आणि त्यांची संकष्टी माझ्याकडे आली. मला कोणी विचारलं का?" तू म्हणालीस, "म्हणूनच म्हणते. एका तरी ठिकाणी येऊ नये." मी म्हटलं, "मग त्या लेकीला आईची खुशाली कोण सांगणार?" तू म्हणालीस, "नाही सांगणार कोणी. काही निरोप नाही पोचत. मेलेल्याचं वचन जिवंताच्या मानेवर ठेवू नये, कांचन." हे भांडण आपण किती दिवस पुरवलं. निगडी ते चाकण, चाकण ते निगडी. स्टोअरवाल्या त्या माणसाने एकदा कंटाळून मत दिलं तर आपण दोघींनी मिळून त्याला गप्प केलं. शेवटी तू तो नियम पत्रकात लिहिलाच नाहीस. "पटेल तेव्हा लिहू," म्हणालीस.

मग छातीत दुखतंय म्हणून तू डॉक्टरकडे गेलीस आणि तिथून थेट हॉस्पिटलला. मी भेटायला आले तेव्हा बोलायचं खूप ठरवून आले होते. माझे गुरुवार तुझ्यामुळे माणसात आले, हे म्हणायचं होतं. एवढ्याशा लाकडी माणसाने माझी एकटं बसायची भीती घालवली, हे म्हणायचं होतं. म्हटलं काय तर, "नळी वाकडी लागलीय वाटतं." तिथेही इन्स्पेक्शन. आणि तू फोन बंद करायला सांगितलंस. मला तेव्हा तुझा रागच आला. नंतर लक्षात आलं की तू आपल्याच नियमाला धरून होतीस. अडलात तर विचारा, हे वचन तू दिलं होतंस आणि ते माझ्या मानेवर ठेवायचं नव्हतं तुला. मरतानासुद्धा भांडणात आपली बाजू सोडली नाहीस.

फोन माझ्याकडे आल्यावर मी जमेल तशी उत्तरं देत होते. बिबट्याचं सांगितलं, धुक्याचं सांगितलं. तुझ्यासारखं गोड नाही जमत, पण फोन आपटला नाही एकदाही. आणि मग गेल्या आठवड्यात, बस तळवड्याच्या सिग्नलला असताना, गायकवाडांचा फोन.

"मॅडम, माझा माणूस पडला वो घाटात. म्हातारीचं पाणी प्यायला व्हता. मग नव्या माणसानं ओझं उचललंय. जुन्याचं वचन लागू हाय का न्हाई? कागदावर न्हाई काय."

मी म्हटलं, "सांगते. जरा थांबा." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी त्यांना थांबा म्हणाले. तुझ्या जन्माच्या कष्टांवर मी लाल टॅग बांधला.

ते ओझं घेऊन मी कंपनीत फिरले. इन्स्पेक्शनच्या टेबलावर पार्ट हातात घ्यावा आणि तो कुठला हेच विसरावं, असं चाललं होतं. माझं उत्तर ठरलेलं होतं, लागू आहे. पण आता तू उलट बोलायला नाहीस. भांडायला माणूस नसताना जिंकायचं, ही कसली रीत? म्हणून मी ठरवलं, तुझं उत्तर द्यायचं. लागू नाही. आणि ते एकदा दिलं की तुझ्याच हिशेबाने मीही मोकळी, फोन बंद करायचा, तुझा शब्द ठेवायचा. गुरुवारी सगळे घराबाहेर गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून गायकवाडांना फोन लावला.

"गायकवाड, लागू नाही. सुलभाताईंचं म्हणणं तसंच होतं. नवा माणूस मोकळा आहे, सरळ वर जाऊ दे त्याला."

मग म्हणाले, "आसं हाय व्हय. पण मी तर वळसा घालून आलो."

"म्हणजे? तुम्ही थांबला नव्हता?"

"न्हाई वो. थांबू नका म्हून पयल्याच वळीत लिव्हलंय की मॅडमनी. दोन अर्थ निघत व्हते, जड व्हता त्यो धरला अन् निघालो. लेकीच्या वाडीला जाऊन निरोप सांगून आलो. मागनं इचारायचं आसतंय म्हून इचारलं. मग आता काय करू? वळसा पुसून टाकू का?"

सुलभा, परात पालथी घालून बसणारे आपले गायकवाड, ते चालत राहिले गं. तुझ्या एका ओळीने त्यांच्या हाडात बसलेली सवय काढली. आणि भांडण तू हरलीस, तुझ्याच पहिल्या नियमाने हरलीस. दोन अर्थ, जड तो धरा. तू लिहिलेलं तुलाच दिसलं नसेल, हे मला पटत नाही. दिसलं असणार. मला मोकळं सोडायचं म्हणून तू उलटी बाजू लढवत बसलीस, की बसमधला वेळ जावा म्हणून, ते विचारायला आता नंबर नाही.

"पुसू नका," मी म्हटलं. "बरोबर आहे तुमचं. निरोप पोचला ना?"

"पोचला की. मोठ्या मॅडम कुठं हायत? लई दिस झालं, आवाज न्हाई."

मी सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. कोणालातरी त्यांनी हळू आवाजात सांगितलेलं ऐकू आलं, अगं, त्या खेळवाल्या मॅडम गेल्या. मग मला म्हणाले, "आमाला कळलंच न्हाई. मग आता अडलं तर इचारायचं कुणाला?"

तू म्हणशील, पाणी प्यायला एक आणि वळसा घालायचा दुसऱ्याने, का म्हणून? पण पाणी मी प्यायलेच आहे, सुलभा. इतके गुरुवार प्यायले.

"मला विचारा," मी म्हटलं. "हाच नंबर. कांचन नाव माझं." आणि मग, तू विचारायचीस तसंच, म्हणजे तुझ्याइतकं शांतपणे नाही जमलं, आवाज फाटला मध्येच, पण विचारलं. "बरं गायकवाड, आत्ता तुमचा माणूस कुठे आहे?"

"शेवटल्या चढाला हाय," ते म्हणाले. "दमलाय जरा, पण ओझं घेऊन चाललाय."